यंत्राच्या पोटांतील यंत्र

मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर एका दुकानांतून प्रोसेसर, दुसऱ्यांतून मदरबोर्ड, तिसऱ्यांतून मेमरीच्या पट्ट्या अशी खरेदी करून घरीं आपल्या हातानें संगणक जुळविण्याची हौस असलेले तरुण महाराष्ट्रांत थोडेथोडके नाहींत. संगणक सुरू होऊन पडद्यावर विंडोज उमटली, कीं याच यंत्राच्या पोटांत आणखी एक यंत्र वसवावें, अशी इच्छा त्यांतील पुष्कळांच्या मनांत उत्पन्न होते. विंडोजच्या एका चौकटींत लिनक्सनें नांदावें, तेथें हवे ते प्रयोग करावे, बिघडलें तर सारें पुसून पुनः मांडावें, आणि मूळ संसारास मात्र धक्का लागूं नये, असा हा बेत असतो. त्यासाठीं व्हर्च्युअल मशीनचें, म्हणजे आभासी यंत्राचें, सॉफ्टवेअर मिळतें. तें निमूटपणें बसतें, नव्या यंत्राचें नांव विचारतें, मेमरी किती व डिस्क किती याची वांटणी करून घेतें, आणि 'सुरू करा' म्हणतांच पडद्यावर एक ओळ टाकून स्वस्थ बसतें. व्हीटी-एक्स उपलब्ध नाहीं, किंवा बायोसमध्यें तें बंद ठेवलें आहे, एवढाच त्या ओळीचा मथितार्थ.

पुढील प्रकार बहुधा ठरलेला. सॉफ्टवेअर काढून पुनः बसविलें जातें. मेमरीच्या पट्ट्या उपसून पुनः खोंचल्या जातात. विंडोज मुळापासून नव्यानें घातली जाते. आणि अखेरीस एखादा निर्दोष प्रोसेसर दुकानदाराकडे परत जातो. यंत्राचे सारे भाग मात्र धडधाकट असतात. नकार आलेला असतो तो बिघाडामुळें नव्हे. यंत्राचा खरा धनी कोण, या प्रश्नाचा निकाल तेथें लागलेला नसतो म्हणून. हा वाद त्या तरुणाच्या संगणकापेक्षां चाळीस-पन्नास वर्षांनीं जुना आहे. तो कळला म्हणजे ती एक ओळ कळते, आणि ओळ कळली म्हणजे दुरुस्तीस बहुधा पांच-दहा मिनिटें पुरतात.

वादाचा उगम अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत, केंब्रिज गांवीं झाला. तेथील एमआयटी या विद्यापीठांत १९६१ च्या नोव्हेंबरांत फर्नांडो कोर्बाटो व त्याचे सहकारी यांनीं एकाच संगणकावर अनेकांनीं एका वेळीं बसून काम करण्याची युक्ति प्रत्यक्ष करून दाखविली. त्या काळीं संगणक ही खोलीभर पसरलेली, अतोनात किंमतीची वस्तु होती. माणसानें आपलें काम छिद्रें पाडलेल्या कार्डांवर उतरवून खिडकींत द्यावें आणि उत्तरासाठीं तासन्‌तास तिष्ठत राहावें, असा शिरस्ता. कोर्बाटोच्या पद्धतींत यंत्राचा वेळ बारीक तुकडे करून वांटला जाई, आणि प्रत्येकाला सारें यंत्र आपल्याच सेवेस आहे असें वाटे.

१९६४ च्या एप्रिलच्या ७ तारखेस आयबीएम कंपनीनें सिस्टिम/३६० ही संगणकांची नवी मालिका जाहीर केली. लहानापासून मोठ्यापर्यंत सर्व यंत्रांनीं एकच भाषा समजावी, ही तिची थोर कल्पना. परंतु वेळ वांटून घेणाऱ्या मंडळींच्या दृष्टीनें तींत एक मोठें न्यून राहून गेलें होतें. प्रोग्रॅम मेमरींतील ज्या पत्त्यावर जिन्नस मागतो तो पत्ता ऐन वेळीं फिरवून दुसऱ्याच जागीं नेण्याची सोय त्या मालिकेंत नव्हती. आणि ती सोय नसेल तर अनेकांचीं कामें मेमरींत सुखानें आणतां-नेतां येत नाहींत. एमआयटीनें त्याच वर्षीं आपल्या पुढच्या मोठ्या योजनेसाठीं जनरल इलेक्ट्रिक कंपनीचें यंत्र पसंत केलें. आयबीएमला हा घाव वर्मीं लागला.

योगायोग असा, कीं त्याच वर्षीं आयबीएमनें केंब्रिजमध्यें नॉर्मन रॅस्मुसेन याच्या हाताखालीं एक लहानसें संशोधन-केंद्र उघडलें होतें, आणि तेंहि एमआयटीचे हे संशोधक ज्या इमारतींत बसत त्याच इमारतींत. जिन्यांत रोज भेटणाऱ्या माणसांनींच आपलें यंत्र नाकारलें, ही गोष्ट विसरूं म्हटल्यानें विसरली जाण्यासारखी नव्हती. केंद्रांतील रॉबर्ट क्रीसी हा तर कोर्बाटोच्या पद्धतीवर स्वतः काम करून आलेला. १९६४ सालच्या अखेरीस त्यानें व लेस कोमो यानें एका नव्या रचनेचा आराखडा मांडावयास घेतला.

आराखड्यांतील कल्पना वरवर पाहतां उधळेपणाची होती. एका ऑपरेटिंग सिस्टिमच्या छत्राखालीं अनेक माणसें बसवूं नयेत. प्रत्येक माणसाला एक संपूर्ण सिस्टिम/३६० द्यावी! अर्थात् लोखंडाची नव्हे, आभासाची. आपल्या वांट्याचें यंत्र अस्सल आहे कीं नक्कल, हें त्यावर चालणाऱ्या प्रोग्रॅमला उमगूंहि नये. मग त्या प्रत्येक नक्कल-यंत्रावर ज्याला जी ऑपरेटिंग सिस्टिम हवी ती त्यानें चालवावी. या मंडळींनीं त्यासाठीं सीएमएस नांवाची एकाच माणसापुरती सुटसुटीत सिस्टिमहि लिहिली. नकला निर्माण करून त्यांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रोग्रॅमचें नांव सीपी, म्हणजे नियंत्रक.

हें साधलें कसें, तें समजण्यास इंग्रजी अमदानींतील संस्थानांची व्यवस्था आठवावी. संस्थानिक गादीवर बसे, दरबार भरवी, हुकूम सोडी. त्याच्या मुलखापुरता तोच राजा. परंतु फौज किंवा परराज्याशीं तह असा विषय आला, कीं कागद रेसिडेंटसाहेबाच्या टेबलावर गेल्यावांचून पुढें सरकत नसे. सिस्टिम/३६० च्या प्रोसेसरला मुळांतच दोन पायऱ्या होत्या. वरच्या पायरीवर ऑपरेटिंग सिस्टिम बसे, खालच्या पायरीवर सामान्य प्रोग्रॅम. यंत्राच्या सत्तेला हात घालणारी कोणतीहि आज्ञा, जसें डिस्क किंवा छापयंत्र चालविण्याची, खालच्या पायरीवरून आली तर प्रोसेसर ती पाळीत नसे. काम थांबवून वरच्या पायरीस वर्दी देई. क्रीसी-कोमो यांनीं एवढेंच केलें, कीं आलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमला खालच्या पायरीवर बसविलें आणि वरच्या पायरीवर आपला सीपी बसविला. पाहुण्या सिस्टिमनें राजाज्ञा सोडावी, प्रोसेसरनें ती अडवून सीपीकडे न्यावी, सीपीनें योग्य तें सोंग करून उत्तर द्यावें, आणि राजाला आपला हुकूम तामील झाला असें वाटावें. बाकीच्या साध्या आज्ञा प्रोसेसर थेट, पूर्ण वेगानें पाळीत असे.

उरला तो पत्ते फिरविण्याचा प्रश्न. केंद्राजवळ सिस्टिम/३६० मालिकेंतील मॉडेल ४० हें यंत्र होतें, आणि बाजारांतील मॉडेल ४० मध्यें ती सोय नव्हती. तेव्हां त्या एका यंत्रासाठीं एक खास पेटी बनवून घेण्यांत आली. यंत्राची मेमरी २५६ किलोबाइट; तिचीं ४ किलोबाइटांचीं पानें पाडलीं तर ६४ पानें होतात. पेटींत चौसष्टच घरें होतीं, आणि कोणतें पान या क्षणीं कोणत्या नक्कल-यंत्राचें आहे याची नोंद त्यांत राही. एवढ्या भांडवलावर सीपी-४० ही सिस्टिम १९६७ च्या जानेवारीपर्यंत नित्याच्या वापरांत आली, आणि तिनें २५६ किलोबाइटांच्या एका यंत्रांतून तितक्याच मेमरीचीं १४ आभासी यंत्रें उभीं केलीं. चवदाजणांना जेऊं घालावयाचें आणि शिधा एकाचा, असा हा संसार. पण सगळे एकदम पानावर बसत नाहींत, या एका गोष्टीवर तो निभावला.

येथें एक गंमत ध्यानांत घेण्याजोगी आहे. आभासी यंत्रें ज्यावर पहिल्यानें नांदलीं तो संगणकहि यादींतून उचललेला नव्हता. पदरचे भाग घालून मुद्दाम जुळविलेलाच होता. शेजारच्या एखाद्या कार्यालयांतील तसल्याच मॉडेल ४० वर सीपी-४० नेऊन घातली असती तर ती चाललीच नसती. यंत्र निर्दोष, प्रोग्रॅम निर्दोष, आणि तरीहि नकार! आजच्या त्या ओळीची आजी ती हीच.

पुढें आयबीएमनें पत्ते फिरविण्याची सोय असलेलें मॉडेल ६७ बाजारांत आणलें. त्यासाठीं योजलेली टीएसएस ही कंपनीची अधिकृत, भलीमोठी सिस्टिम वेळेवर तयार झाली नाहीं. तेवढ्यांत केंब्रिजच्या मूठभर लोकांनीं आपली सीपी मॉडेल ६७ वर नेली. १९६७ मध्येंच एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेनें ती उचलली, आणि १९६८ पर्यंत तिच्यावर संगणकाचा वेळ भाड्यानें देणाऱ्या कंपन्या निघाल्या. अधिकृत मोटार दुरुस्तीखान्यांत आणि अनधिकृत छकडा मजल मारून परत, असा तो प्रकार झाला. सीपीचें खरें सामर्थ्य आयबीएमच्या आंतल्या लोकांना दिसलें तें वेगळ्याच कामीं. सिस्टिम/३७० हें पुढचें यंत्र अद्याप घडत असतां त्याची हुबेहूब नक्कल मॉडेल ६७ वर उभी करून तिच्यावर प्रोग्रॅम लिहून तपासण्यांत आले; आणि ती नक्कलहि एका आभासी यंत्राच्या पोटांत होती, म्हणजे आभासाच्या पोटांत आभास. पूर्वीं नवी ऑपरेटिंग सिस्टिम तपासावयाची तर रात्रीं-अपरात्रीं सारें यंत्र मोकळें करून घ्यावें लागे. आतां ती कोसळली तरी चवदांपैकीं एकाच राज्यांत आकांत होई. १९७२ च्या ऑगस्टच्या २ तारखेस आयबीएमनें व्हीएम/३७० या नांवानें ही सिस्टिम जगापुढें ठेविली. देखरेख करणाऱ्या प्रोग्रॅमला सुपरवायझर म्हणत; सुपरवायझरांवर देखरेख करणारा तो हायपरवायझर, हें नांव याच घराण्यांत रूढ झालें.

केंब्रिजवाल्यांना सिस्टिम/३६० च्या दोन पायऱ्या आयत्या मिळाल्या होत्या. परंतु दोन पायऱ्या असल्या म्हणजे झालें काय? १९७४ च्या जुलै महिन्यांत कॅलिफोर्निया विद्यापीठाचा जेराल्ड पोपेक आणि हार्वर्डमध्यें याच विषयावर प्रबंध लिहिलेला रॉबर्ट गोल्डबर्ग यांनीं या प्रश्नाचें उत्तर गणिताच्या कसोशीनें दिलें. यंत्राच्या सत्तेला हात घालणारी, अथवा सत्ता कोणाची हें उघडें पाडणारी, प्रत्येक आज्ञा खालच्या पायरीवरून आली असतां अडली पाहिजे. एक जरी न अडतां निसटली, तरी आभास पुरा होत नाहीं. त्यांनीं उदाहरणहि दिलें: विद्यापीठांतून लोकप्रिय असलेल्या पीडीपी-१० या उत्तम यंत्रांत अशी एक आज्ञा होती, आणि तेवढ्या एकीपायीं त्यावर खरें आभासी यंत्र उभें राहूं शकत नव्हतें. निबंध छोटा, पण अचूक. दुर्दैव असें, कीं पुढें जगभर ज्यांचे प्रोसेसर पसरले त्यांनीं रचना करतांना ही कसोटी डोळ्यांपुढें ठेविली नाहीं.

इंटेलचा ८०८६ हा प्रोसेसर १९७८ सालचा. त्यांत पायऱ्याच नव्हत्या. जो प्रोग्रॅम आंत शिरला तो धनी. १९८२ च्या ८०२८६ मध्यें पायऱ्या आल्या, दोन नव्हे तर चार. १९८५ च्या ८०३८६ मध्यें पत्ते फिरविण्याची सोय आली, आणि जुन्या ८०८६ चीं लहान आभासी यंत्रें चालविण्याची एक खोलीहि बांधून मिळाली. पण खुद्द ८०३८६ ची नक्कल ८०३८६ वर चालविण्याचा विचार त्यांत नव्हता. घरोघर स्वस्त संगणक येत असतां एकाचीं चवदा करण्याची गरज तरी कोणाला वाटणार? परिणाम असा झाला, कीं या घराण्याच्या भाषेंत निसटणाऱ्या आज्ञा राहून गेल्या. २००० सालीं जॉन रॉबिन व सिंथिया अर्व्हिन यांनीं पेंटियमच्या सुमारें अडीचशें आज्ञा एकेक तपासल्या, तेव्हां अशा १७ निघाल्या. त्यांतील एकीचा मासला पाहण्यासारखा आहे. बाहेरून येणारे अडथळे कांहीं क्षण बंद ठेवण्याची मुभा ऑपरेटिंग सिस्टिमला असते. 'पॉपएफ' या आज्ञेनें खालच्या पायरीवरून तें करूं गेल्यास प्रोसेसर आज्ञा पाळीत नाहीं, आणि अडवूनहि धरीत नाहीं. न बोलतां पुढें जातो. संस्थानिकानें दार लावून घ्या म्हणावें, दार उघडेंच राहावें, आणि रेसिडेंटला पत्ताहि लागूं नये! दुसऱ्या कांहीं आज्ञा याच्या उलट घरभेद्या: त्या खालच्या पायरीवरील माणसाला वरच्या पायरीचीं खरीं दफ्तरें दाखवितात, आणि पाहुण्या सिस्टिमला आपण पाहुणे आहों हें कळून चुकतें.

म्हणून इंटेलच्या प्रोसेसरवर आभासी यंत्र होणें नाहीं, अशी तज्ज्ञांची समजूत होऊन बसली होती. ती मोडली स्टॅनफर्ड विद्यापीठांतील मंडळींनीं. मेंडेल रोझेनब्लम, एडवर्ड बुन्यों व स्कॉट डिव्हाइन यांनीं १९९७ सालीं निराळ्याच जातीच्या यंत्रावर डिस्को नांवाचा हायपरवायझर करून दाखविला. १९९८ मध्यें डायान ग्रीन व आणखी एक सहकारी यांना घेऊन त्यांनीं व्हीएमवेअर ही कंपनी काढली. आणि १९९९ च्या मे महिन्यांत व्हीएमवेअर वर्कस्टेशन हें सॉफ्टवेअर साध्या घरगुती संगणकावर चालूं लागलें. त्यांची युक्ति दुभाष्याची होती. पाहुण्या सिस्टिमच्या गाभ्यांतील आज्ञा प्रोसेसरपर्यंत जाऊंच द्यावयाच्या नाहींत. जाण्यापूर्वीं त्या वाचून, निसटणाऱ्या आज्ञेच्या जागीं निरुपद्रवी आज्ञा घालून, भाषांतर पुढें पाठवावयाचें, आणि तें जपून ठेवावयाचें म्हणजे तोच मजकूर पुनः आल्यास श्रम नकोत. सामान्य प्रोग्रॅमच्या आज्ञा मात्र तशाच सोडावयाच्या. हें भाषांतर इतकें सफाईदार होतें, कीं पुढें १९९९ च्या त्या युक्तीला हरवितांना खुद्द प्रोसेसर-कारखानदारांचीहि दमछाक झाली. दुसऱ्या केंब्रिजमध्यें, म्हणजे इंग्लंडांतल्या, २००३ सालीं झेन या हायपरवायझरनें तिसराच मार्ग धरिला. पाहुण्या सिस्टिमला प्रथमच विश्वासांत घेऊन, तिच्या गाभ्यांतील नाजूक आज्ञा बदलूनच तिला घरांत घ्यावयाचें. लिनक्सला हें मानवलें. पण जिचा गाभा मालकाखेरीज कोणाला बदलतां येत नाहीं त्या विंडोजला तें लागू पडेना.

दुभाष्याची अडचण झाली ती ६४-बिटांच्या नव्या प्रोसेसरांमुळें. एएमडी कंपनीनें २००३ मध्यें आपल्या ऑप्टेरॉनमधून ही नवी धाटणी आणली, आणि जुनी अडगळ म्हणून मेमरीच्या मर्यादा तपासण्याची एक जुनी तजवीज त्या धाटणींतून काढून टाकली. व्हीएमवेअरचा दुभाष्या नेमका याच भिंतीच्या आडोशानें पाहुण्यापासून आपलें रक्षण करीत असे! एएमडीनें पुढें ती भिंत कांहीं अंशीं पुनः घातली, इंटेलनें घातली नाहीं. म्हणून इंटेलवर ६४-बिटांचा पाहुणा ठेवावयाचा तर प्रोसेसरचीच मदत हवी, असा नियम पडला.

ती मदत तोंवर येऊं घातली होती. इंटेलनें २००५ च्या नोव्हेंबरांत पेंटियम ४ च्या दोन नमुन्यांतून व्हीटी-एक्स, आणि एएमडीनें २००६ च्या मे महिन्यांत आपलें एसव्हीएम दिलें. सतरा आज्ञा दुरुस्त करीत न बसतां दोघांनींहि सगळ्या पायऱ्यांच्या खालीं एक तळघर खणलें. हायपरवायझरनें तळघरांत बसावें, पाहुण्या सिस्टिमनें आपल्या सर्व पायऱ्यांसह वर राहावें, आणि नाजूक प्रसंग आला कीं प्रोसेसरनें आपणहून तळघरांत उतरावें. पोपेक-गोल्डबर्ग यांची अट एकतीस-बत्तीस वर्षांनीं या घराण्यांत पुरी झाली. पहिल्या पिढींत ही चढ-उतर इतकी महाग पडे, कीं व्हीएमवेअरच्याच संशोधकांनीं २००६ मध्यें केलेल्या तुलनेंत दुभाष्या पुष्कळ ठिकाणीं सरस ठरला. पाहुण्याच्या मेमरीचे पत्ते फिरविण्याचें कामहि प्रोसेसरनें पत्करलें तेव्हां पारडें फिरलें. एएमडीच्या प्रोसेसरांत ही सोय २००७ मध्यें आली, इंटेलच्या २००८ मध्यें.

परंतु तळघर म्हटलें कीं चोर आलाच. २००६ च्या ऑगस्टांत पोलंडच्या जोआना रुत्कोव्स्का यांनीं 'ब्लू पिल' नांवाचा प्रयोग जाहीर करून दाखविला. त्यांत चालू असलेल्या विंडोजच्या पायाखालीं एक लबाड हायपरवायझर हळूच सरकविला जातो, आणि विंडोज आपल्या नकळत पाहुणी बनते. ज्याच्या हातीं तळघर त्याच्या हातीं घर, हें त्यानें लखलखीत दिसलें. तळघराला कुलूप मात्र आधींपासून होतें. इंटेलच्या प्रोसेसरांत एक लहानशी नोंदवही असते. संगणकाला वीज मिळतांच बायोस तींत 'परवानगी आहे' किंवा 'नाहीं' असें लिहितो आणि लगेच ती वही मिटून मोहोर करतो. यंत्र पुनः मुळापासून सुरू होईपर्यंत विंडोज, लिनक्स, प्रशासकाचा अधिकार असलेला माणूस, कोणालाहि ती मोहोर फोडतां येत नाहीं. कित्येक मदरबोर्ड कारखान्यांतून निघतांना 'नाहीं' असें लिहिण्याच्याच बेतानें निघत. तयार यंत्र विकणारा कधीं कधीं हें आधीं बदलून ठेवी. आपल्या हातानें यंत्र जुळविणाऱ्यासाठीं तें बदलणारा दुसरा कोण असणार?

शिवाय प्रोसेसर विकणाऱ्यांनीं या सोयीचा उपयोग भाव ठरविण्याकडेहि केला. इंटेलच्या कित्येक स्वस्त, आणि कांहीं तितक्याशा स्वस्तहि नसलेल्या, प्रोसेसरांतून व्हीटी-एक्स वगळलें जाई, आणि डब्यावरील नांवावरून गिऱ्हाइकाला तें कळण्याचा मार्ग नसे. २००९ च्या ऑक्टोबरांत विंडोज ७ बरोबर मायक्रोसॉफ्टनें एक्सपी मोड दिला; जुने प्रोग्रॅम चालावेत म्हणून आंत आख्खी विंडोज एक्सपी आभासी यंत्रांत ठेवलेली. पण प्रोसेसरमध्यें ही सोय हवी, अशी अट होती. दीड-दोन वर्षांपूर्वीं चांगले पैसे मोजून घेतलेलें यंत्र त्या अटींत बसतें कीं नाहीं, याचा शोध घेतां घेतां लोक इतके वैतागले, कीं २०१० च्या मार्चमध्यें मायक्रोसॉफ्टला ती अट काढून टाकावी लागली. पुढें उलट दिशेनें वारें वाहिलें. व्हर्च्युअलबॉक्स या मोफत सॉफ्टवेअरनें २०१९ च्या डिसेंबरांतील ६.१ या आवृत्तीपासून दुभाष्याला रजाच दिली. तेव्हांपासून व्हीटी-एक्स किंवा एसव्हीएम असल्यावांचून तें पाऊल उचलीत नाहीं.

यावरून तपासाचा क्रम आपोआप ठरतो. प्रथम प्रोसेसरमध्यें सोय आहे कीं नाहीं, तें कारखानदाराच्या यादींत पाहावें. मग ती उघडी आहे कीं नाहीं, तें विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्यें प्रोसेसरच्या पानावर 'व्हर्च्युअलायझेशन' या शब्दापुढें लिहिलेलें असतें. बंद असेल तर बायोसमध्यें इंटेलच्या बोर्डावर 'इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी' आणि एएमडीच्या बोर्डावर 'एसव्हीएम मोड' हें कलम हुडकावें. एएमडीच्या कित्येक बोर्डांवर तें प्रोसेसरचा वेग वाढविण्याच्या पानांत दडलेलें असतें, जेथें सावध माणूस मुद्दाम जात नाहीं. व्हीटी-डी नांवाचें जवळच असलेलें कलम निराळें. तें बाहेरचीं उपकरणें पाहुण्याच्या हवालीं करण्यासाठीं असतें, आणि तें उघडल्यानें हें कुलूप निघत नाहीं. बायोसची नवी आवृत्ति घातली, किंवा बोर्डावरील रुपयाएवढी बॅटरी संपली, कीं सारीं कलमें मूळ पदावर येतात. कालपर्यंत चाललेलें आभासी यंत्र आज अडतें, त्याचें कारण पुष्कळदां एवढेंच. व्हर्च्युअलबॉक्सच्या यादींत ६४-बिटांच्या सिस्टिमचीं नांवेंच दिसूं नयेत, या चमत्कारानें तर अनेकांनीं उतरवून घेतलेली लिनक्सची निर्दोष फाइल टाकून दिली असेल. तोहि त्याच मिटलेल्या वहीचा प्रताप.

एवढें करूनहि नकार येतो, आणि तेव्हां मात्र जुना वाद उघड्यावर येतो. वही उघडी, परवानगी लिहिलेली, पण तळघरांत आधींच कोणी बसलेला! मायक्रोसॉफ्टनें २००८ मध्यें सर्व्हरसाठीं हायपर-व्ही हा आपला हायपरवायझर काढला. २०१२ मध्यें विंडोज ८ बरोबर तो घरगुती यंत्रांवर आला. आणि विंडोज १० पासून तर तो मागितल्यावांचूनहि येऊं लागला. मेमरीचें रक्षण, परवलीच्या शब्दांची तिजोरी, २०२० पासून विंडोजच्या आंतील लिनक्सची दुसरी आवृत्ति, या सर्वांना तळघर हवें असतें. आणि विंडोज ११ नव्यानें घातलेल्या पुष्कळ यंत्रांत मेमरीचें रक्षण प्रथमपासूनच चालू असतें. ज्याला मालक स्वतःची विंडोज समजतो तीच अशा यंत्रावर हायपर-व्हीच्या वरची रहिवासी असते. मग मागाहून आलेलें व्हर्च्युअलबॉक्स दार ठोठावतें तेव्हां प्रोसेसर त्याला हांकलून देतो, कारण एका म्यानांत दोन तलवारी राहात नाहींत.

यावर उपाय दोन, आणि दोहोंनाहि किंमत आहे. यंत्र सुरू होतांना हायपरवायझर उठवूं नये अशी आज्ञा विंडोजला देतां येते, आणि मेमरीचें रक्षण बंद करतां येतें. पण मग ब्लू पिलनें शिकविलेल्या धड्यावर पाणी सोडावें लागतें, आणि विंडोजच्या आंतील तें लिनक्सहि बंद पडतें. जो केवळ अभ्यासासाठीं एक आभासी यंत्र ठेवतो त्यानें हा सौदा करूं नये. ज्या यंत्रावर घराचे पैशांचे व्यवहार चालतात तेथें तर मुळींच नाहीं. दुसरा उपाय तडजोडीचा. व्हर्च्युअलबॉक्सनें २०१८ च्या डिसेंबरांत आणि व्हीएमवेअरनें २०२० च्या मे महिन्यांत तळघराचा हट्ट सोडून हायपर-व्हीच्या दारीं अर्ज करून काम करवून घेण्याची सोय आपल्या सॉफ्टवेअरांत केली. काम होतें, वेग कमी होतो. व्हर्च्युअलबॉक्सच्या चौकटीच्या तळाशीं अशा वेळीं एक हिरवें कासव दिसूं लागतें. नकाराच्या त्या एका ओळीपेक्षां हें चित्र कितीतरी प्रांजळ म्हटलें पाहिजे.

लिनक्सवाल्यांना या भांडणाची झळ पुष्कळ वर्षें लागली नाहीं. केव्हीएम हा लिनक्सच्या गाभ्यांतील हायपरवायझर २००७ पासूनचा; पण त्याचें पहिलें आभासी यंत्र सुरू होईपर्यंत तो तळघरांत उतरत नसे, आणि तोंवर जागा मोकळी असल्यामुळें व्हर्च्युअलबॉक्स सुखानें चाले. २०२४ च्या नोव्हेंबरांत लिनक्सची ६.१२ ही आवृत्ति निघाली, आणि तींत केव्हीएम मेमरींत येतांक्षणींच तळघराचा ताबा घेऊं लागला. यंत्रांत एकहि आभासी यंत्र चालू नसतां व्हर्च्युअलबॉक्सला पुनः तीच ओळ दिसूं लागली, फक्त शब्द निराळे. केव्हीएम उतरवून ठेवावा, किंवा ताबा आधीं घेऊं नये अशी सूचना यंत्र सुरू होतांना गाभ्याला द्यावी, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सला वाट मिळते.